इंटरव्हल काकू

इंटरव्हलचे दिवे लागले की माणसं आधी डोळे चोळतात आणि मग पॉपकॉर्नच्या रांगेकडे पळतात. काकू यातलं काहीच करत नसत. त्या पिशवीतून पाण्याची बाटली काढत, एक घोट घेत, झाकण घट्ट फिरवत आणि शेजारी मान टाकून झोपलेल्या नवऱ्याला कोपरानं ढोसून सांगत, "अहो, खून वकिलानं केलाय."

"बरं," नवरा डोळे न उघडता म्हणे.

पुढच्या रांगेतला एखादा मात्र गर्रकन वळे. "काकू, आम्हीपण तिकीट काढलंय."

"मग बघा की. कोणी केला एवढंच सांगितलं. कसा केला ते मलाही बघायचंय."

रविवारी दुपारच्या खेळाला येणारी नेहमीची मंडळी त्यांना इंटरव्हल काकू म्हणत ती यामुळेच. दारावरचा बॅटरीवाला तिकीट फाडतानाच विचारी, "आज निकाल कधी?" काकू म्हणत, "वेळेवर." आणि निकाल सहसा बरोबर निघे.

काकू पुराव्याकडे ढुंकूनही बघत नसत. "पुरावा म्हणजे लेखकानं आपल्यापुढं टाकलेले दाणे," त्या म्हणत, "कोंबडीसारखं टिपत बसलं की तो नेईल तिकडं जावं लागतं." त्या बघत सिनेमाची खोड. ज्याच्यावर पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांचा संशय, तो सुटलाच म्हणून समजा. तिरळा नोकर, कुदळ घेऊन फिरणारा माळी, दारू पिणारा पुतण्या, हे सगळे नुसते भरतीचे. मोठा नट छोट्या कामात दिसला की काकू कान टवकारत. "एवढा महाग माणूस काय नुसता चहा आणून द्यायला घेतलाय?" आणि जो सगळ्यांशी गोड बोलतो, जखमेवर फुंकर घालतो, मेलेल्याच्या बायकोला पाणी देतो, त्याच्यावर काकूंची नजर पहिल्यापासून.

काही गोष्टींवर त्यांचा राग होता. जुळा भाऊ निघाला की त्या उठून उभ्याच राहत. "ही फसवणूक आहे. असं असेल तर तिकिटावर छापा." दिवे गेलेले असताना एकटीच तळघरात उतरणाऱ्या नायिकेची त्यांना मुळीच दया येत नसे. पण सगळ्यांत जास्त राग त्या माणसावर, जो फोन करून म्हणतो, 'मला सगळं कळलंय, पण फोनवर नाही सांगत, भेटून सांगतो.' "झालं," काकू कपाळाला हात लावत, "गेला बिचारा. अरे, फोनवर सांगितलं असतंस तर जगला असतास आणि आम्हीपण लवकर घरी गेलो असतो."

नवऱ्याला यातलं काही कळत नसे. तो वीज मंडळात मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झाला होता आणि थंडगार अंधारात मऊ खुर्चीवर झोपणं हा त्याचा हक्क आहे असं त्याचं मत होतं. घरी परत जाताना तो प्रामाणिकपणे विचारी, "मग कोणी केला?"

"इंटरव्हललाच सांगितलं होतं."

"हो, पण मी झोपेत होतो ना."

आठवड्याचे बाकीचे दिवस काकू दात बसवत. माणसांच्या तोंडात नव्हे, मेणात. सायकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक लॅब होती. गावातले दंतवैद्य रोग्यांच्या तोंडाचे ठसे तिथं पाठवत आणि लॅबमधून कवळ्या, कॅपा बनवून जात. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी काकू तिथं लागल्या. तेव्हा मोठे सर होते, आता त्यांचा मुलगा गादीवर होता. कधीकाळी ज्याला काकूंनी मेणाचे हत्ती करून दिले होते, त्याला त्या आता न चुकता 'सर' म्हणत. एका खोलीत खिडकीशी काकूंचं मेज. त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि प्लास्टरचे आ वासलेले जबडे. काकू मेणात एकेक दात रोवत, जबडा मिटून बघत, पुन्हा अर्धा केस सरकवत. कवळी तयार झाली की आधी आपल्या मुठीत उघडझाप करून तिला हसवत. हसू पटलं तरच ती पुढं जाई.

समोरच्या मेजावर अण्णा बसत. त्यांचं काम कॅपांचं. धातू ओतायचा, त्यावर बारीक कुंचल्यानं चिनी मातीचे थर चढवायचे आणि भट्टीत भाजायचे. अण्णा इतके कमी बोलत की नवीन माणसाला ते मुके वाटत. फक्त सकाळी वर्तमानपत्र वाचताना त्यातलं चुकलेलं शुद्धलेखन लाल पेन्सिलीनं दुरुस्त करत आणि दुरुस्त केलेला पेपर घडी घालून ठेवून देत. तो कुणाला दाखवायचा, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

दाराजवळच्या टेबलावर फोन घ्यायला आणि तयार माल बांधायला एक पोरगी होती, नुकतीच कॉलेजातून निघालेली. आणि झाडलोट, चहा, प्लास्टरच्या बादल्या उपसायला मावशी. मावशी त्या जिन्यातल्या चारही दारांतून काम करत. ही लॅब, शेजारी हिशेबनीसांचं ऑफिस, वर टायपिंगचा क्लास आणि त्यासमोर शिंप्याचा कारखाना. पोरगी कामावर आली त्या पहिल्या दिवशी तिनं म्हटलं, "मावशी, तुम्ही चहा घेतलात का?" तेव्हा मावशींनी मागं वळून बघितलं होतं. तुम्ही म्हणजे कोण, दुसरं कोणी आलंय की काय. सगळे हसले होते. मावशीही हसल्या होत्या, पण त्या दिवसापासून पोरगीच्या टेबलावरची धूळ रोज दोनदा पुसली जाई.

त्या आठवड्यात लॅबमध्ये एक सोन्याची कॅप होती. आता सोन्याचे दात कोणी करत नाही. पण एका वयस्क गाण्याच्या बाईंना दाढेवर सोनंच हवं होतं, आपल्याच मोडक्या बांगडीचं. अण्णांनी ते काम फार मन लावून केलं. बुधवारी वाटाण्याएवढी ती कॅप तयार झाली, निळ्या डबीत बसली आणि पोरगीच्या टेबलावर गेली. पोरगी त्याच दुपारी डोंगर चढायच्या शिबिराला निघाली, पंधरवड्याच्या रजेवर. संध्याकाळी सरांच्या फोनवर तिचा आवाजी निरोप आला. मग तिचा फोन बंद झाला.

गुरुवारी त्या बाईंच्या दंतवैद्याच्या दवाखान्यातून विचारणा झाली. डॉक्टर बाहेरगावी होते, सोमवारी येणार होते आणि आल्या आल्या कॅप बसवायची होती. तेवढी पाठवून द्या.

सरांनी फळी बघितली, खण बघितला, टेबल बघितलं. डबी नव्हती. मग त्यांना तो निरोप आठवला. त्यांनी सगळ्यांदेखत फोन टेबलावर ठेवून तो लावला. गाडीची घरघर, वारा, कुणाचं तरी हसणं आणि त्यातून पोरगीचा आवाज, "सर, ती सोन्याची डबी मावशीकडे दिलीय हं. तिला सगळं नीट सांगितलंय. आता पुढं रेंज नाही."

सरांनी मावशींकडे बघितलं. मावशींच्या हातात फडकं होतं.

"कुठं ठेवलीस?" सर म्हणाले.

"माझ्याकडे कुठली डबी? मला नाही दिली."

"अगं, आत्ता ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण नाही दिली."

मावशी आणखी काही बोलल्या नाहीत. खरं बोलणाऱ्याला एकच वाक्य असतं, खोटं बोलणाऱ्याला दहा सुचतात. पण सरांना ते एकच वाक्य उर्मटपणाचं वाटलं. कचऱ्याच्या बादल्या उपसल्या, प्लास्टरचे तुकडे चाळले, मावशींनी आपली पिशवी स्वतःच उलटी केली. त्यातून भाकरीचं फडकं आणि एक चष्मा पडला. सर म्हणाले, "शनिवारी संध्याकाळपर्यंत डबी आली तर मी काही विचारणार नाही. नाही आली तर सोमवारपासून येऊ नकोस." एवढ्यावर थांबले असते तरी एकवेळ चाललं असतं. पण जाता जाता ते शेजारच्या हिशेबनीसांच्या दारात डोकावले आणि म्हणाले, "जरा लक्ष ठेवा हो." ते वाक्य संध्याकाळपर्यंत जिना चढून वरच्या दोन्ही दारांत पोचलं.

काकू मोरीपाशी गेल्या तेव्हा मावशी कप विसळत होत्या. एकच कप कितीतरी वेळ.

"चार दारं झाडते मी या जिन्यात," मावशी म्हणाल्या. "एका दारातून चोर म्हणून बाहेर पडले की उरलेली तीन आपोआप बंद होतात. मग ती डबी उद्या देवानं आणून दिली तरी काय उपयोग?"

"तुम्ही कुठंही जाणार नाही," काकू म्हणाल्या. "शनिवारपर्यंत मी शोधते."

"तुम्ही?"

"आयुष्यभर काय नुसतं पॉपकॉर्न खाल्लंय का मी?"

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, जागेपणी. "अगं, हा तुझा सिनेमा नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच कुणीतरी सोडवायला पाहिजे. सिनेमा तर आपोआप सुटतो. तीन तास बसून राहिलं तरी सुटतो, तुम्हाला माहितीये."

"आणि चुकलीस तर?"

काकूंचा हिशेब चालू झाला होता. झाडणारी बाई गुन्हेगार नसतेच, हे पहिलं कलम. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही, तो बघायचा, हे दुसरं. आणि जो सगळ्यांत गोड वागतो तो, हे तिसरं. काकूंना आठवलं, त्याच दुपारी अण्णांनी आपल्या डब्यातला अर्धा पाव मावशींपुढं सरकवला होता. वर्षानुवर्षं न बोलणारा माणूस म्हणाला होता, "खा. होईल सगळं ठीक." कॅप त्यांनी केलेली. सोन्याचं वजन त्यांनाच ठाऊक. काकूंच्या डोक्यात इंटरव्हलचे दिवे लागले.

शुक्रवारी जेवण झाल्यावर त्यांनी सगळ्यांना मधल्या मेजाभोवती बसायला लावलं. सिनेमातल्या या प्रवेशाची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती. एवढे सगळे संशयित निमूट येऊन बसतात कसे, त्यातल्या एकालाही दुसरं काम कसं नसतं? आता त्यांना कळलं की कसं ते. माणसं बोलावलं की येतात. मावशी जमिनीवर बसायला लागल्या, तर काकूंनी त्यांना स्टूल दिलं. सर घड्याळ बघत उभेच राहिले. काकू फेऱ्या मारत बोलल्या. कोण कुठं बसतं, डबी कुणाच्या हातून गेली, कुणी अचानक माया दाखवली. आवाज त्यांचा त्यांनाच छान वाटत होता. शेवटी त्या थांबल्या आणि बोट पुढं केलं.

"अण्णा, डबी द्या."

अण्णांच्या हातात कुंचला होता. तो त्यांनी आधी पाण्यात बुडवला, निपटला, जागेवर ठेवला. मग म्हणाले, "माझा खण उघडा. जेवणाचा डबाही बघा." आणि उठून त्यांनी दोन्ही खिसे बाहेर काढले. एक रुमाल, रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट आणि लाल पेन्सिलीचा एक तुकडा. खिसे तसेच बाहेर लोंबत असताना ते आपल्या जागेवर जाऊन बसले. कुंचला उचलला. मातीत बुडवला, थर न देताच पुन्हा पाण्यात धुतला आणि खाली ठेवला. अण्णांनी काम अर्ध्यावर सोडलेलं त्या खोलीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

सिनेमात इथं पार्श्वसंगीत असतं. इथं खालून फक्त सायकलची चाकं फिरवून बघितल्याचा आवाज येत होता.

मावशी स्टुलावरून उठल्या. "काकू," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या डोक्यावरचं काढून त्यांच्या डोक्यावर ठेवलंत. ओझं तेवढंच राहिलं की."

काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं नाही, आणि त्याबद्दल त्या त्याच्या ऋणी राहिल्या. पडल्या पडल्या त्यांना आपलीच खोड दिसत होती. मी गुन्हेगार शोधत होते, कारण सिनेमात तो असतोच. नसला तर लोक पैसे परत मागतील. पण इथं कोणी तिकीट काढलेलं नाही. इथं गुन्हेगार असलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

दुसरी कोणी असती तर शनिवारी डोकेदुखीची सुट्टी टाकून घरी बसली असती. काकू नेहमीपेक्षा लवकर गेल्या. अण्णा आलेले होते, पेपर समोर होता, पण पेन्सिल हातात नव्हती.

"अण्णा, चुकलं माझं."

"हं," अण्णा म्हणाले. पेपरची घडी केली आणि म्हणाले, "त्याचं नंतर बघू. आज शनिवार आहे."

काकूंनी पदर खोचला. स्पिरिटचा दिवा त्यांनी पेटवलाच नाही. गुन्हेगार सोडून आणखी काय असतं सिनेमात, हे त्या बोटांवर मोजत बसल्या. आणि मग त्यांना ती आठवली, सगळ्यांत जुनी युक्ती. शेवटच्या रिळात पहिल्या रिळातलं एक वाक्य पुन्हा ऐकवतात. तेच वाक्य, तोच आवाज. पहिल्यांदा ऐकताना आपण आपल्या मनातलं चित्र त्याला चिकटवलेलं असतं. दुसऱ्यांदा ऐकताना ते चित्र निखळून पडतं. काकूंच्या मते सगळ्या युक्त्यांमधली ही एकच सचोटीची, कारण त्यात प्रेक्षकापासून काहीच लपवलेलं नसतं.

सर आले तशा त्या त्यांच्या मेजापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "तो निरोप पुन्हा लावा."

"काकू, कालचा तमाशा पुरे नाही का झाला?"

"लावा. मग मी गप्प बसते."

सरांनी सुस्कारा सोडून लावला. घरघर, वारा, हसू. "सर, ती सोन्याची डबी मावशीकडे दिलीय हं. तिला सगळं नीट सांगितलंय."

"अजून एकदा."

"तेच आहे हो. मावशीकडे दिली, तिला सांगितलं. आणखी काय पाहिजे?"

काकू वळल्या. मावशी दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. "मावशी, ती पोरगी तुम्हाला काय म्हणते? अगं की अहो?"

"अहो-जाहो करते. अगदी वैताग येईल इतकं. मागल्या महिन्यात मला ताप होता तर सरांना म्हणाली, 'त्यांना घरी जाऊ द्या.'"

"ऐका," काकू सरांना म्हणाल्या. "तुम्ही 'तिला' म्हणता. आम्ही सगळे कधी ना कधी म्हणतो. म्हणून तुम्हाला त्यात काही खुपलं नाही. पण ही पोरगी हिच्याबद्दल..." त्या अडखळल्या. "यांच्याबद्दल 'तिला' कधी म्हणाली असती?"

मग मागून, कॅपांच्या मेजावरून आवाज आला. "मावशींकडे," अण्णा म्हणाले. "आपल्या मावशींबद्दल असतं तर 'मावशींकडे' म्हणाली असती. अनुस्वार हवा होता. तिनं दिलेला नाही." आणि खाली बघत पुढं म्हणाले, "ती अनुस्वार गाळणाऱ्यांतली नाही. माझे दुरुस्त केलेले पेपर ती वाचते."

ते पेपर कोणीतरी वाचतं, हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं.

"म्हणजे दुसरी कुठली तरी मावशी," सर म्हणाले. "पण कुठली? मावशा काय कमी आहेत?"

"सख्खी," मावशी दारातून म्हणाल्या. "तिच्या आईची बहीण. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत उशांचे अभ्रे शिवते. पोरगी तिला अगं-तुगं करते, मी ऐकलंय फोनवर. बुधवारी ती इथं आली होती, पोरगीला शिबिरासाठी स्वेटर द्यायला. मी तिला पाणी दिलं."

"मग हे गुरुवारीच का नाही सांगितलंस?"

"गुरुवारी तुम्ही मला 'कुठं ठेवलीस' एवढंच विचारलंत."

सर खुर्चीतून उठले आणि गाडीची किल्ली शोधू लागले. "मी जाऊन येतो. भेटून नीट विचारतो."

"बसा खाली," काकू म्हणाल्या. "भेटून विचारतो म्हणणारे वाटेतच मरतात. फोन करा."

पोरगीच्या आईचा नंबर टेबलावरच्या काचेखाली होता, अडीअडचणीला म्हणून. आईनं बहिणीचा नंबर दिला. सरांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडून आधी शिलाई मशीनची खडखड आली, मग ती थांबली.

"हो, माझ्याकडेच आहे की डबी. पोरगी म्हणाली, दवाखाना तुझ्या वाटेवर आहे, पण डॉक्टरांच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नको, सोनं आहे. डॉक्टर सोमवारी येणार आहेत ना? मशीनच्या खणात ठेवलीय, रिळांच्या खाली. रोज दोनदा बघते. का हो, काही झालं का?"

"नाही," सर म्हणाले. "काही नाही झालं."

त्यांनी फोन ठेवला, तळहात एकमेकांवर चोळले. "चला. मिळाली एकदाची. संपलं."

सिनेमा असता तर इथंच संपला असता. जीप आली असती, इन्स्पेक्टरनं टोपी सारखी केली असती. काकूंना एकदम कळलं की आपल्याला इतकी वर्षं प्रत्येक रहस्यपटाच्या शेवटी थोडं उपाशी का वाटत आलंय.

"संपलं नाही," त्या म्हणाल्या.

आपल्या मेजाशी जाऊन त्यांनी खुर्ची वळवली आणि सगळ्यांकडे तोंड करून बसल्या. "अण्णा, काल मी सगळ्यांसमोर तुम्हाला चोर ठरवलं. माझ्याकडे पुरावा नव्हता. तुम्ही एका माणसाला अर्धा पाव दिलात, एवढंच माझ्याकडे होतं. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. मी चुकले. मला माफ करा."

अण्णांनी कुंचल्याचं टोक निपटलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पुढच्या सिनेमात माझ्यासारखा कोणी दिसला तर त्याला सोडा म्हणजे झालं."

मग काकूंनी सरांकडे बघितलं. सर नजर चुकवून म्हणाले, "हो, मीपण... मावशी, गैरसमज झाला."

"इथं नाही," काकू म्हणाल्या. "गुरुवारी तुम्ही शेजारच्या दारात बोललात. तिथून ते वर गेलंय. ज्या दारांतून गेलंय त्या दारांतून परत यायला पाहिजे."

"काकू, आता प्रत्येक दारात जाऊन काय दवंडी पिटू?"

"तीनच आहेत."

"दुपारी दोन कवळ्या जायच्यात. तुमच्या हातातलं काम आधी पुरं करा, मग बघू."

काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. समोर जबडे आ वासून होते, मेण थंड होतं. "मी दिवा पेटवणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. याच आवाजात त्यांनी एके काळी एका लहान मुलाला सांगितलं होतं की गरम मेणाला हात लावायचा नाही. सरांना तो आवाज ओळखीचा होता. अण्णांनी भट्टीचं बटण बंद केलं. टक् असा आवाज झाला.

सर कान लाल करून बाहेर पडले. मावशी दोन पावलं मागं राहून निघाल्या, त्यांच्या मागं काकू.

हिशेबनीसांच्या दारात सर म्हणाले, "ते परवाचं... गैरसमज झाला होता."

"कुणाचा?" काकूंनी मागून विचारलं.

"माझा. डबी दुसरीकडे होती. मावशींनी घेतली नव्हती."

काकूंनी अनुस्वार ऐकला. मावशींनीही ऐकला असावा, कारण त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

वरच्या दोन दारांत सरांना आठवण करून द्यावी लागली नाही. शिंप्याच्या कारखान्यात तर मशीनं थांबली, आणि थोरला कारागीर म्हणाला, "आम्हाला वाटलंच होतं." मावशी पटकन म्हणाल्या, "वाटलं होतं तर काल चहा घ्यायला का नाही बोलावलंत?" कारागीर खाली बघून दोरा ओवायला लागला.

सोमवारी डबी डॉक्टरांच्या हातात पोचली. तशी ती पोचलीच असती, काकूंनी काही केलं नसतं तरी. नवऱ्यानं हे बोलून दाखवलं. "हो," काकू म्हणाल्या, "डबी पोचली असती."

पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाला काकूंनी मावशींना बरोबर नेलं. मावशींनी रहस्यपट कधी बघितला नव्हता. पडद्यावर मोठा बंगला होता, जिन्यात प्रेत होतं आणि अर्ध्या तासाच्या आत पोलिसांनी माळ्याला धरून नेलं. इंटरव्हलला दिवे लागले. नवरा झोपलेला होता. पुढच्या रांगेतल्यांनी सवयीनं माना वळवल्या, बॅटरीवालाही दारातून बघत राहिला. काकूंना नाव माहीत होतं, जिभेवर होतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि झाकण लावलं.

"काय काकू, आज निकाल नाही?"

"आज राखून ठेवलाय."

शेवटी खुनी सापडला. हातात पिस्तूल असूनही त्यानं ते झाडायच्या ऐवजी आपली सगळी हकीकत सांगितली, मग पडला. नायक-नायिका गाडीत बसून गेली. पाट्या सुरू झाल्या, लोक उठले, खुर्च्या खटाखट मिटल्या. नवरा जागा झाला आणि म्हणाला, "कोणी केला?"

मावशी पडद्याकडेच बघत होत्या. "त्या माळ्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "त्याला सोडला का?"

काकूंनी पिशवी मांडीवर ठेवली, पुन्हा खुर्चीत नीट बसल्या. "बघू," त्या म्हणाल्या. "थांबा जरा."

नवरा दोघींकडे बघून परत खाली बसला. हॉल रिकामा झाला. झाडणारी बाई मागच्या रांगेपासून केर काढत पुढं यायला लागली. पडद्यावर नावं सरकत राहिली आणि तिघं शेवटचं नाव जाईपर्यंत बसून राहिली.